काकडीला थंडी बाधते तेव्हा

आमच्या माहेरी काकडीला दोन नावं होती. वडिलांकडची माणसं तिला काकडी म्हणायची आणि आईकडची सवतीकाई. निपाणीसारख्या गावात यात नवल काहीच नाही. एकाच ताटात दोन भाषा वाढलेल्या असतात आणि जेवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. कन्नडमध्येही सवतीला सवतीच म्हणतात, त्यामुळे या नावावरून आमच्याकडे थट्टा चाले. एखादी काकडी कडू निघाली की अज्जी म्हणायची, "नावाला जागली बघ!" मग टोक कापून त्याच जागी गोल गोल घासायचं, फेस काढायचा, पुन्हा चव बघायची. रामनवमीला आई भिजवलेली मूगडाळ, ओलं खोबरं आणि काकडी घालून कोसंबरी करायची, तर आजीच्या हातची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर असायची. कोसंबरी आणि कोशिंबीर हे शब्दसुद्धा एकाच घराण्यातले. चव मात्र दोघींची न्यारी.

लग्न होऊन बऱ्हाणपुरात आले आणि तिसरं नाव कानावर पडलं, खीरा. भाजीवालीकडे 'ककडी' मागितली की ती तापीच्या वाळूत पिकलेली लांबच लांब, फिकट हिरवी, वळणं घेतलेली ककडी पुढे करायची. आपली नेहमीची काकडी हवी असेल तर खीरा म्हणायचं, हे सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं.

आपल्या सीमाभागातल्या वाचकांना बऱ्हाणपूर थोडं सांगायला हवं. आहे मध्य प्रदेशात, पण जळगाव जिल्ह्यातलं रावेर ओलांडलं की पुढचं मोठं गाव हेच. बाजारात हिंदी, घरात मराठी, शेतात खानदेशी. २००३ साली ते खंडव्यापासून वेगळं होऊन स्वतंत्र जिल्हा झालं. शाहजहानची मुमताज १६३१ साली इथेच वारली, ही गोष्ट पाहुण्याला सांगितल्याशिवाय इथला माणूस चहा पाजत नाही. मला स्वतःला जास्त कौतुक आहे ते कुंडी भंडाऱ्याचं. अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, १६१५ साली, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावात आणलं आणि वर ठिकठिकाणी कुंड्या ठेवल्या. शंभराच्या वर कुंड्या आहेत. भर उन्हाळ्यात खाली उतरलं की अंगावर गारवा येतो. गार ठेवणं ही या गावाची चारशे वर्षांची विद्या आहे म्हणा ना.

आणि केळी! जिकडे बघाल तिकडे केळी. घड उतरवण्यापासून तो ट्रकमध्ये रचण्यापर्यंत आणि पिकवण्याच्या खोल्यांपर्यंत, निम्म्या गावाचं पोट केळीवर आहे. त्यामुळे इथे काकडी लावणं ही तशी शेजाऱ्यांच्या कपाळावर आठ्या आणणारी गोष्ट. केळीवर जो 'हरण्या' म्हणून रोग पडतो, त्याच्या विषाणूचं शास्त्रीय नावच मुळी काकडीवरून आहे. १९१६ साली तो पहिल्यांदा काकडीवर सापडला म्हणून. मावा कीड तो एका पिकावरून दुसऱ्यावर नेते. म्हणून केळीत किंवा केळीच्या बांधाला काकडी, भोपळा, कारली लावू नका असं शेतीतले जाणकार सांगतात. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, अर्ध्या एकरावर शेडनेट घातलं ते मुद्दाम केळीपासून लांबच्या तुकड्यात. शेजाऱ्याला बोलायला जागा नको, हा त्यांचा स्वभाव. बिनबियांची, पातळ सालीची काकडी. वेल सुतळीवर चढवलेले. फळ हवेत लोंबतं, मातीला शिवत नाही. ही बारीकशी गोष्ट पुढे फार कामाला आली.

आता २०२२ च्या उन्हाळ्याकडे येते. त्याआधीची दोन वर्षं करोनामुळे लग्नं उरकली गेली होती, साजरी झाली नव्हती. ती सगळी हौस त्या वर्षी बाहेर पडली. शिवाय ३ मे रोजी आखाजी आणि ईद एकाच दिवशी आलेली. बऱ्हाणपुरात दोन्ही सण सारख्याच जोरात होतात, त्यामुळे भाजीबाजाराला नुसतं उधाण. माझे एक मावस दीर लग्नाच्या जेवणाचे ठेके घेतात. आखाजीच्या दिवशीची आणि दुसऱ्या दिवशीची अशी त्यांच्याकडे मोठी कामं होती. त्यांनी भाऊजींना सांगून ठेवलं होतं, साठ कॅरेट काकडी तुझ्याकडूनच घेणार, २२ रुपये किलो. घरचाच व्यवहार. कागद नाही, पत्र नाही.

पण त्या वर्षी मार्चपासूनच उन्हाच्या लाटा आल्या. वेलांनी घाई केली. जो माल आखाजीला निघायचा तो एप्रिलच्या चौथ्या आठवड्यातच एकदम अंगावर आला. काकडी तर वेलावर थांबत नाही. एक दिवस उशीर झाला की ती फुगते, बियांचा भास होतो, कुणी घेत नाही. दोन तोड्यांत साठ कॅरेट भरली. वीस किलोचं एक कॅरेट, म्हणजे बाराशे किलो माल, २६,४०० रुपयांचा. जाऊबाईंनी त्यातले पैसे मनातल्या मनात मुलीच्या कॉलेजच्या फीला लावूनही टाकले होते. "ठेवायची कुठे?" एवढाच प्रश्न होता. गावाबाहेरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये जागा मिळाली. ज्या खोलीत एरवी बटाटा असतो, ती खोली. काटा ४ अंशांवर. तिथला माणूस म्हणाला, जितकी थंडी तितका माल टिकाऊ. यात शंका घ्यावी असं कुणालाच काही वाटलं नाही. आपल्या सगळ्यांच्याच घरी फ्रिज आहे आणि आपण तेच मानत आलो आहोत.

सात दिवसांनी, १ मेच्या रात्री, माल बाहेर काढला. भाऊजी घरी येऊन सांगत होते, "वहिनी, काल तोडली असं वाटतंय!" हिरवीगार, टणक, सालीवर दव. मावस दिरांनी स्वतः दोन-चार कॅरेट उपसून पाहिली, एक काकडी मोडून खाल्ली, खूश झाले. माल मंडपाच्या गावी गेला.

३ तारखेला सकाळी फोन आला. आवाज असा चढलेला की पलीकडच्या खोलीत मला ऐकू येत होता. काकडीच्या अंगावर पाण्याने भिजल्यासारखे काळपट हिरवे डाग, मध्येच अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे, हात लावला की बुळबुळीत. तळातल्या कॅरेटांत तर पांढरी आणि काळपट बुरशी. दहा-बारा कॅरेट निवडून निवडून कशीबशी वापरली. बाकीचा माल जनावरांपुढे टाकला, आणि आयत्या वेळी बाजारातून दामदुप्पट भावाने काकडी आणून पंगत काढली. लग्नघरी मावस दिरांची जी शोभा झाली ती वेगळीच.

यानंतर जे झालं त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे.

मावस दीर म्हणाले, रोग शेतातच होता, तू माल तसाच दिलास. पैसे मिळणार नाहीत. कोल्ड स्टोरेजवाला म्हणाला, आमच्या दारातून माल गेला तेव्हा ठणठणीत होता, तुम्हीच सही केली आहे. उलट त्याने भाडं मागितलं. दोघांचंही म्हणणं वरवर खरंच वाटत होतं. बाहेर काढताना माल चांगला होता, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि बुरशी तर आली होती. मग ती आली कुठून? भाऊजींनी आधी बियाणं धरलं, मग ठिबकच्या नळ्या, मग फवारणी. शेवटी संशय येऊन थांबला तो तोडणीला येणाऱ्या मावशींवर. सहा वर्षं येत होत्या. ओल्या हातांनी तोडली असेल, नखं लागली असतील, पडलेली काकडी उचलून कॅरेटमध्ये टाकली असेल. त्यांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका.

वाचकहो, संसारात हे नेहमीचं आहे. वरून आलेलं नुकसान उतरत उतरत सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाच्या पदरात पडतं. मावशी काही बोलल्या नाहीत. डोक्यावरचं फडकं सोडून हात पुसले आणि गेल्या. त्यांचे हात मी पाहिले आहेत. काकडी तोडताना त्या फळाला ओढत नाहीत, देठ कात्रीने कापून फळ तळहातावर झेलतात.

पहिली शंका काढली ती आमच्या सासूबाईंनी. त्या म्हणाल्या, "अगं, त्याच तोड्याची काकडी आपण घरात चार दिवस खाल्ली ना? आपल्या टोपलीत कुठे आली बुरशी?" गोष्ट खरी होती. घरी आणलेली पाच किलो काकडी माठाखालच्या ओल्या वाळूवर फडक्यात ठेवलेली होती. शेवटची थोडी मऊ पडली, पण एकीलाही खळगा नव्हता.

दुसरी गोष्ट उलगडली ती केळीमुळे. आमच्या गल्लीच्या टोकाला केळी पिकवणाऱ्या खोल्यांवर काम करणारे एक वयस्कर गृहस्थ राहतात. जन्म केळीत गेलेला. परत आलेल्या मालातल्या चार काकड्या पुतणीने त्यांना दाखवल्या. ती शेतीच्या कॉलेजात शिकते, तिला कुणालाही काही विचारायची लाज नाही. त्यांनी काकडी हातात घेऊन फिरवली, खळग्यावर नख टेकवलं आणि म्हणाले, "बेटा, इसको बीमारी नहीं है. इसको ठंड लगी है."

केळ्याचं त्यांना ठाऊक होतं. कच्चं केळं १३ अंशांच्या खाली गेलं की त्याची साल राखेसारखी मळकट होते, सालीच्या आतल्या बाजूला तपकिरी रेघा उमटतात, आणि मग कितीही गॅस द्या, ते सोनेरी पिवळं होत नाही. आत असताना कळत नाही, बाहेर आलं की कळतं. या गावात केळीच्या धंद्यातल्या पोरासोराला हे माहीत आहे. आपल्या घरातसुद्धा केळं फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, काळं पडतं म्हणून. पण काकडीही त्याच जातीची नाजूक, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही.

मला लहानपणीची अज्जी आठवली. शिंकलं की म्हणायची, "थंडी आगेती." काकडीलाही थंडी आगेती!

पुतणीने मग पुस्तकं काढून नीट समजावलं. मी तिच्याकडून जे समजून घेतलं ते माझ्या भाषेत सांगते. काकडी ही उष्ण मुलखातली. तिचे रानटी भाऊबंद अजून हिमालयाच्या पायथ्याला सापडतात, म्हणजे ती आपल्याच देशातली म्हणायची. तिच्या अंगात ९५ टक्के पाणी. हे पाणी लहान लहान पेशींत कोंडलेलं असतं आणि प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो. त्या पडद्यात स्निग्ध अंश असतो. थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल बाटलीत कसं थिजतं, तसा हा पडदा थंडीत ताठरतो. ताठरलेला पडदा पाणी धरून ठेवू शकत नाही, ते आतल्या आत झिरपू लागतं. म्हणून ते भिजल्यासारखे डाग. मग त्या जागच्या पेशी मरतात, साल आत बसते, खळगा पडतो. द्राक्ष, सफरचंद यांची घडण निराळी, ती शून्याच्या जवळ आरामात राहतात. बटाटाही ४ अंशांत महिनोन् महिने बसतो, फार तर थोडा गोड होतो. तासगावकडच्या लोकांना कोल्ड स्टोरेजचा जो अनुभव आहे तो द्राक्ष-बेदाण्याचा. तोच नियम काकडीला लावला की घात.

काकडीला मानवते ती १० ते १२ अंशांची हवा, तीही चांगली दमट. तिथेसुद्धा ती दोन आठवड्यांच्या आतबाहेरच टिकते. १० च्या खाली दोन-तीन दिवसांहून जास्त राहिली की इजा होते. जितकी थंडी कडक आणि दिवस जास्त, तितकी इजा खोल. आणि खरी लबाडी पुढे आहे. थंडीत असेपर्यंत ती इजा जवळजवळ दिसतच नाही. थंडीच तिला झाकून ठेवते. माल बाहेरच्या उन्हाळ्यात आला की एका-दोन दिवसांत सगळं वर येतं. म्हणजे सही करताना दाखवला तो माल ठणठणीत दिसणारच!

मग बुरशी? बुरशीचे बीजाणू सगळीकडेच असतात. हवेत, कॅरेटच्या कोपऱ्यात, तुमच्याआमच्या हातांवर. धडधाकट सालीतून त्यांना सहज आत शिरता येत नाही. थंडीने दुखावलेली साल म्हणजे उघडं दार. अल्टरनेरिया नावाची काळपट बुरशी तर अशा दुबळ्या सालीचीच वाट बघत असते. कापसासारखी पांढरी वाढ दिसते तिची मुळं बहुधा ओल्या मातीत असतात, जमिनीवर लोळलेल्या फळाला ती लवकर धरते. आमची काकडी सुतळीवर लोंबणारी, मातीला न शिवलेली, हे मघाशी सांगितलंच. कॅरेटं तेवढी आदल्या हंगामात कुठे कुठे फिरून आलेली. एका कॅरेटमध्ये एक काकडी गेली की तिचं पाणी खालच्यांवर गळतं आणि वास यायच्या आत निम्मं कॅरेट बसतं.

हे सगळं ठीक, पण पुस्तकातलं वाचून घरचा माणूस ऐकत नसतो. मावस दिरांसमोर ठेवायला डोळ्यांना दिसेल असं काहीतरी हवं होतं. म्हणून पुढच्या तोड्यातल्या अठरा काकड्या आम्ही निवडल्या, साधारण एकाच आकाराच्या. सहा काकड्या फ्रिजच्या वरच्या थंड कप्प्यात सात दिवस. सहा तिथेच दोन दिवस. उरलेल्या सहा माठाखालच्या वाळूवर ओल्या फडक्यात. पुतणीने प्रत्येकीला दोरा बांधून चिठ्ठी लावली. सासूबाई म्हणाल्या, बारसं घालता की काय काकड्यांचं?

दोन दिवसांच्या काकड्या बाहेर काढल्या, त्या चांगल्याच राहिल्या. वाळूवरच्यांपैकी दोन सात दिवसांत पिवळट पडल्या, एक शेंड्याकडून सुरकुतली, बाकीच्या खाण्याजोग्या. उन्हाळाच तसा होता. सात दिवसांच्या काकड्या फ्रिजमधून काढल्या तेव्हा सहाही नव्या नवरीसारख्या. ताटात मांडून दिवाणखान्यात ठेवल्या आणि मावस दिरांना चहाला बोलावलं. ते आले ते जरा गुर्मीतच. ताट बघून म्हणाले, "छान आहेत." पुतणी म्हणाली, "काका, परवा पुन्हा चहाला या."

परवा ते आले तेव्हा चार काकड्यांवर डाग होते आणि दोघींना खळगे. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकीवर बुरशी. हा दुसरा दिवस बघायला ते न बोलावता आले. ताटाकडे बराच वेळ बघत बसले. मग एवढंच म्हणाले, "असंच होतं ते. अगदी असंच."

पैशाचं सांगते. सगळे काही मिळाले नाहीत. मावस दिरांचंही नुकसान झालंच होतं, आणि त्यांनी काही काकडी थंडीत घाला असं सांगितलं नव्हतं. वापरलेल्या कॅरेटांचे पूर्ण आणि बाकीच्यांचे निम्मे, असं दोघा भावांत ठरलं. कोल्ड स्टोरेजवाल्याने भाडं सोडलं, त्यापुढे तो काही आला नाही. जाऊबाईंनी फीची उरलेली रक्कम भिशीतून उचलली. पण दोन घरांतलं येणंजाणं सुरू झालं, आणि ते थांबलं असतं तर पुढच्या पिढीला कारणही आठवलं नसतं, नुसता अबोला उरला असता. असे अबोले मी माहेरीही पाहिले आहेत.

मावशींकडे भाऊजी स्वतः गेले. मी किंवा जाऊबाई गेलो असतो तर सोपं झालं असतं, पण सासूबाईंनी जाऊ दिलं नाही. "ज्यानं सांगितलं त्यानंच जायचं," म्हणाल्या. तीन आठवड्यांची मजुरी देऊन ते परत आले. मावशी लगेच आल्या नाहीत. दुसऱ्याच्या केळीत त्यांनी काम धरलं होतं, ते आठवडाभराचं संपवून मग आल्या.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट सुचते. आपल्याकडे काकडी टिकवायच्या ज्या जुन्या रीती आहेत त्यांत थंडी कुठेच नाही. आमची एक मावशी कुमठ्याकडे दिली आहे. त्या किनारपट्टीला मंगळूर सवतीकाई म्हणून जी जाड सालीची काकडी असते, ती पूर्ण पिकू देतात आणि केळीच्या सोपटात बांधून माळ्याच्या वाशाला टांगून ठेवतात. एकमेकीला चिकटू देत नाहीत, खाली टेकू देत नाहीत. सगळा पावसाळा त्यातली एकेक काढून सांबार, हुळी चालतं. आपण खातो ती कोवळी काकडी अशी टिकणार नाही, तिची साल तेवढी पक्की झालेलीच नसते. दुसरं उदाहरण गर्किनचं. कर्नाटकात १९९० च्या सुमारास ही बोटाएवढी काकडी परदेशी पाठवण्यासाठी लावू लागले आणि आता तो मोठा धंदा आहे. तीही ताजी म्हणून थंडीत घालून पाठवण्याच्या भानगडीत पडत नाहीत. तोडली की मिठाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये. टिकवायचं तर मीठ, नाहीतर ताजी खायची, असा सरळ हिशेब.

घरातल्या फ्रिजबद्दल मैत्रिणी विचारतील म्हणून सांगते. काकडी ठेवायला हरकत नाही, पण दोन-तीन दिवसांपुरती. पुसून कोरडी करावी, कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळावी आणि जिथे थंडी कमी असते तिथे ठेवावी. बाहेर काढलेली त्याच दिवशी संपवावी, बाहेर-आत करू नये. पिकलेली केळी, टोमॅटो, खरबूज, सफरचंद यांच्या शेजारी तर मुळीच नको. त्यांतून जो वायू सुटतो त्याने काकडी पिवळी पडते. केळी पिकवतात तोच हा वायू, त्यामुळे बऱ्हाणपुरात जागा बघताना ते एक वेगळंच पथ्य. आणि बुरशी आलेली काकडी कापून उरलेली वापरायची सवय आपल्यापैकी बऱ्याच जणींना असते. गाजरासारख्या टणक भाजीचं एक वेळ चालेल. काकडी पाणचट, तिच्यात बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. सरळ टाकून द्यावी.

पुढच्या हंगामाआधी, २०२३ च्या जानेवारीत, भाऊजींनी शेडनेटच्या कडेला विटांची एक कोठी बांधली. कल्पना त्यांची नव्हे, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेची. १९८० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी ही बिनविजेची गार कोठी तयार केली. दोन भिंती, मध्ये तीन बोटांची फट, फटीत नदीची वाळू. सकाळ-संध्याकाळ ती वाळू भिजवायची, वर पोत्याचं झाकण, त्यावर गवताचं छप्पर. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, एवढाच काय तो चमत्कार. कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरते आणि ओलावा टिकतो. पावसाळ्यात ती काही कामाची नाही, आणि काकडीला हवे ते १०-१२ अंशही तिच्यात मिळत नाहीत. पण चार दिवस निभावून जातात, आणि थंडी बाधायची भीती नाही. सासूबाई ती बघायला मुद्दाम शेतावर आल्या. भोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "म्हणजे आपल्या माठाखालचीच वाळू की!" वाळू तापीची आणली होती.

पुतणीने आत एक तापमापक टांगला आहे आणि वही ठेवली आहे. मावशींना आकडे वाचता येत नाहीत. त्या सकाळी वाळूवर पाणी सोडतात, पोतं बाजूला करतात, दोन कॅरेटांच्या मध्ये हात कोपरापर्यंत घालून क्षणभर थांबतात आणि भाऊजींना सांगतात, ही आज जाऊ दे, ती उद्यापर्यंत राहील. मावस दिरांचं काम असलं की ते आता आदल्या दिवशी फोन करून आधी मावशींनाच विचारतात.